भिंतीवरची रिकामी फांदी

"खबरदार, तो ब्रश पाण्यात बुडवलात तर!"

कारंज्याच्या हौदाशी उकिडवा बसलेला तरुण एवढा दचकला, की आत पडायचाच बाकी राहिला. त्यानं मान वर केली. समोर पांढऱ्या कोटातली एक मुलगी उभी होती. एका हातात चहाची गाळणी, दुसऱ्या हातात काचेची बरणी, आणि चेहरा असा, की जणू तो तिच्या घरच्या पिण्याच्या पाण्यात पाय धूत होता.

"अहो, ब्रशच धुतोय," तो चाचरत म्हणाला. "तसंही पाणी घाणच आहे. नुसतं शेवाळ..."

"घाण?" तिनं गाळणी हौदात फिरवली आणि हिरव्या, बुळबुळीत धाग्यांचा गुंता त्याच्या नाकासमोर धरला. "तुमच्या मागं झाडं उभी आहेत ना, त्या सगळ्यांची ही सख्खी बहीण आहे. गवतापासून त्या उंच झाडापर्यंत, सगळ्यांची."

त्यानं मागं वळून झाडांकडे पाहिलं, मग गाळणीकडे. "चेहरेपट्टी काही जुळत नाही हो."

"चेहरेपट्टीवरून नाती ठरवायची नसतात. मी आणि माझी सख्खी ताई शेजारी उभ्या राहिलो, तर लोक विचारतात, ही तुमची कोण? आणि मावसबहीण आली की म्हणतात, अगदी जुळ्या दिसता! विश्वास नसेल बसत तर घरी येऊन बघा."

"येईन की," तो गंभीरपणे म्हणाला. "कधी येऊ?"

आता चाचरायची पाळी तिची होती. बरणीचं झाकण तिनं तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा तिरकंच लावलं. त्याच्या कपाळावर निळ्या रंगाचा एक ओघळ होता, तो त्याला सांगावा की नाही, हेही तिला ठरवता येईना. शेवटी न सांगताच ती निघून गेली आणि दिवसभर त्या ओघळाचाच विचार करत बसली.

तो होता चित्रकार. संग्रहालयाच्या नव्या दालनात एक अख्खी भिंत त्याच्याकडे सोपवली होती. झाडं पाण्यातून जमिनीवर कशी आली, ते त्यानं तिथं रंगवायचं होतं. खाली पाणी, पाण्यातून वर चढत जाणारी एक भलीमोठी वंशावळ, आणि फांदीफांदीवर ज्याचं त्याचं चित्र. आणि ती? संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत जिवंत शेवाळांचा संग्रह होता. तिथल्या पहिल्या खोलीत, थंडगार हवेत, पांढऱ्या दिव्यांखाली शेकडो नळ्या आणि काचेच्या बश्या मांडलेल्या असत आणि त्यांत धाग्यांसारखी शेवाळं वाढत. त्यांचं खाणंपिणं, आंघोळपांघोळ हिच्याकडे. म्हणून सगळे तिला धागेवाली म्हणत.

शेजारच्या खोलीत होती कारावाली. कारा हेही शेवाळच, पण काय तिचा थाट! उंच काचेच्या टाक्यांत कमरेएवढ्या वाढलेल्या हिरव्या काड्या, काडीला पेरं, पेरापेराभोवती बारीक फांद्यांचं वर्तुळ. पाण्याखाली बागच लावल्यासारखी दिसे. खुद्द कारावालीही तशीच, उंच, सावकाश बोलणारी, खळखळून हसणारी. दोघी गेली कित्येक वर्षं एका डब्यात जेवत होत्या, आणि दोघींच्या मध्ये प्लायवूडच्या भिंतीखेरीज काही नव्हतं. पण हे सगळं चित्रकार यायच्या आधीचं.

दुसऱ्या दिवशी धागेवाली मुद्दाम वाट वाकडी करून नव्या दालनात गेली. भिंत बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. भिंत बघितली आणि ती तिथंच थबकली.

"झाडांच्या लगतच्या फांदीवर कारा?" तिनं विचारलं. "पुसा ती."

"पुसा?" परांचीवरून चित्रकार ओरडला. "अहो, चार दिवस घातलेत तिच्यावर! जुन्या पुस्तकात ती इथंच आहे. आणि दिसतेही किती झाडासारखी. देठ काय, पानांसारखी वर्तुळं काय..."

"दिसते ना, म्हणून तर मोठे मोठे लोक फसले." ती परांचीखाली येऊन उभी राहिली. "हिरव्या शेवाळांची दोन मोठी घराणी आहेत. एक समुद्रात, तळ्यांत सगळीकडे पसरलं. दुसऱ्याची एक शाखा जमिनीवर आली, तीच ही झाडं. कारा या दुसऱ्या घराण्यातली, माझे धागेही त्यातलेच. सगळ्यांना वाटायचं, झाडांच्या सगळ्यात जवळची काराच. मग जनुकं वाचली, तर लगतची फांदी निघाली माझ्या धाग्यांच्या कुटुंबाची."

"आणि काराचा तो देठबीठ?"

"काराचा काराकडे, झाडांचा झाडांकडे. माझ्या धाग्यांनी बहुतेक असला थाटमाट मागेच सोडून दिला असावा. पण उथळ पाणी आटलं, कडक ऊन लागलं, तरी तग धरायची जी तयारी लागते, ती त्यांच्यात आणि झाडांत एकाच जातीची आहे. जमिनीवर यायचं तर देठापेक्षा तेच आधी हवं, नाही का?"

"बरोबर बोलतेय ती," मागून आवाज आला. कारावाली हसत उभी होती. "माझी कारा चुलत. सख्खी हिचीच. जरा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आणा तिला, राग नाही यायचा."

एका हातानं ताटात वाढून दुसऱ्या हातानं कुणी तोंडचा घास काढून घ्यावा, तसं धागेवालीला वाटलं. कारण हे सांगताना कारावाली चित्रकाराकडे बघून हसली होती. आणि चित्रकारही, मेला, तिच्याकडे बघून हसला होता.

संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना ही कल्पना फारच आवडली. दारातल्याच कारंज्यातलं शेवाळ आत भिंतीवर, सगळ्या झाडांच्या शेजारी! मात्र त्यांची अट होती. चित्र जिवंत नमुन्यावरून काढायचं, आणि खाली शेवाळाची नेमकी जात लिहायची. उद्घाटनाची तारीख ठरलेली. तोवर ती फांदी रंगली नाही, तर तिथं छापील फोटो चिकटवायचा.

"नेमकी जात म्हणजे? नाव माहीत आहे ना तुला?" चित्रकारानं विचारलं. एव्हाना तुम्हीचं तू झालं होतं, दोघांच्याही नकळत.

"स्पायरोगायरा, एवढं आत्ता सांगते. पण तिच्या शेकडो जाती. नुसत्या धाग्यावरून ओळख पटत नाही. जोडी जमावी लागते."

"कुणाची?"

"धाग्यांची!" ती घाईनं म्हणाली. "दोन धागे शेजारी शेजारी येतात. एकातून दुसऱ्याकडे पूल निघतो. एकातलं सगळं दुसऱ्यात जातं, आणि तिथं एक तपकिरी बीज तयार होतं. त्या बीजाचा आकार, कवचाची नक्षी बघितली, की जात सांगता येते."

"कोण कोणाकडे जातं?"

"आधी सांगता येत नाही. दोघं दिसायला सारखेच."

"बिचारे," तो म्हणाला. "म्हणजे दोघंही वाट बघत बसत असतील."

तिच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपला डोळा लावायला एकच नळी होती. त्यानं बघायचं, तिनं शेजारून स्क्रू फिरवायचा. कधी तिचे केस त्याच्या कानाला लागत, कधी त्याची दाढी तिच्या गालाजवळून जाई. काचेखाली हिरव्या फिती गोल गोल वळसे घेत गेलेल्या असत, आणि तो पुटपुटे, "काय देखणं आहे गं..." ती हो म्हणे, काचेकडे न बघताच. जाताना तो विचारी, "परवा येऊ?" ती म्हणे, "ये. बघू जमते का जोडी."

आता, जोडी जमवायची युक्ती तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. धाग्यांना उपाशी ठेवायचं. पोषक पाण्यात ते मजेत वाढत राहतात, त्यांना कुणाची गरज नसते. खाणं संपलं की मग एकमेकांची आठवण होते. तिनंही शिरस्त्याप्रमाणे कारंज्यातले धागे बशीत घालून त्यांचं खाणं बंद केलं होतं. आणि एका सकाळी बघते तर काय, विखुरलेले धागे दोन दोन करून अगदी लगटून पडलेले.

दोन दिवसांत पूल निघतील. मग बीजं. मग तो चित्र काढेल, जात लिहील, छान आभार मानेल... आणि मग परवा येऊ, असं कशाला विचारेल?

तिनं फडताळातून पोषक पाण्याची बाटली काढली आणि बशीत भसकन ओतली. बशी गोल फिरवली. जोड्या विस्कटल्या, धागे पुन्हा मजेत वाढायला लागले. दुपारी तो आला, तेव्हा ती मान हलवून म्हणाली, "अजून नाही रे. परवा ये."

हे असं चाललं. रोज संध्याकाळी बशीला खाऊ, आणि दर परवा त्याला नकार. पण एक गोष्ट तिच्या हिशेबात आलीच नव्हती. बशीत बघण्यासारखं काही नसलं, तर तो माणूस दुपारभर करणार काय? तो उठायचा आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसायचा.

प्लायवूडमधून सगळं ऐकू यायचं. शब्द नाहीत, नुसतं हसणं. ते तर शब्दांपेक्षा वाईट. धागेवाली नळ्या पुसता पुसता कान टवकारायची आणि धुमसायची. काय आहे त्या कारात एवढं? अंगाला चुन्याची पुटं, हात लावला तर खरखर. आणि वास? कुजक्या लसणाचा! त्या वासात तासभर बसून हा हसतोच कसा? एकदा ड्रॉपर मागायच्या निमित्तानं ती आत शिरली. स्वतःचे बारा ड्रॉपर खिशात होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं. चित्रकार टाकीसमोर मांडी घालून काराच काढत होता, आणि कारावाली त्याच्या मागं वाकून बोटानं दाखवत होती, "इथं अजून एक वर्तुळ घ्या."

"किती वर्तुळं काढणार?" धागेवाली म्हणाली. "चुलत बहिणीचं एवढं कौतुक?"

"ही आपली स्थिर बसते गं," तो हसत म्हणाला. "वाट बघायला लावत नाही."

तो घाव तिच्या अगदी वर्मी लागला. त्या संध्याकाळी बशीला दुप्पट खाऊ मिळाला.

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "शेवाळाला भेटायला जाताना हल्ली कानातलं लागतं वाटतं," ती म्हणायची. ताईनं तर एका वाक्यात निकाल लावला. "कोण आहे तो, आणि आणखी कुणाला आवडतो?"

आणि मग ती दुपार आली. बाहेर पावसाची सर आली होती. धागेवाली खिडकीशी उभी होती, आणि आवारातून ते दोघं येत होते. एका छत्रीखाली. कारावालीचा पांढरा कोट चित्रकाराच्या खांद्यावर, आणि ती त्याच्या कपाळावरचा रंग रुमालानं पुसत होती. तोच कपाळावरचा रंग, जो सांगावा की नाही, याचा विचार करत हिनं अख्खा दिवस घालवला होता! आणि ती बया सरळ पुसून मोकळी.

धागेवालीनं रजेचा अर्ज खरडला आणि तरातरा घर गाठलं. बशीकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मरू देत ते धागे.

घरी तिनं सगळी भांडी घासली. मग स्वच्छ असलेली भांडीही घासली. "रजा घेऊन तवा झिजवतेस होय गं?" आई म्हणाली. "ज्याच्यावर राग आहे, त्याच्यासमोर जाऊन काढ की. तव्याचा काय दोष?" तिनं तवा आणखी जोरात घासला. रात्री उशीत तोंड खुपसून रडली मात्र. आपल्याला तो हवा आहे, आणि आपल्याशिवाय कुणालाही तो मिळू नये असं वाटतंय, हे तिनं पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं.

रजा संपवून ती परतली, तेव्हा तिच्या मायक्रोस्कोपवर कारावाली वाकलेली होती.

"ये," ती म्हणाली. "बघ."

धागेवालीनं डोळा लावला. उपाशी राहिलेल्या धाग्यांनी आपलं काम चोख केलं होतं. दोन दोन धागे शिडीसारखे जोडलेले, मधे पूल, एक धागा रिकामा, आणि दुसऱ्यात ओळीनं तपकिरी, घडीव बीजं. इतका सुंदर नमुना तिनंही कधी पाहिला नव्हता.

"तू होतीस तोवर जमलं नाही, तू गेलीस आणि जमलं," कारावाली सावकाश म्हणाली. "पोषक पाण्याच्या बाटल्याही बघितल्या मी. सगळ्या रिकाम्या. कधीपासून खाऊ घालतेयस गं?"

धागेवालीनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढलाच नाही.

"रोज माझ्याकडे बसून विचारायचा तो. तिच्या धाग्यांना काही आजार आहे का? ती थकली आहे का? मी काही मदत करू शकतो का? मी म्हटलं, ती बघेल, तिला सगळं कळतं." ती उठली. "उद्या तिथं फोटो चिकटवतायत. दोनदा मुदत मागून घेतली त्यानं, तिसऱ्यांदा मोठ्या बाई नाही म्हणाल्या. पुढच्या दालनाचं कामही आता दुसऱ्याला देणार म्हणतात. वेळेत होत नाही याच्याकडून, असं म्हणाल्या. मी त्याला काही सांगणार नाही. पण त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

धागेवाली धावत नव्या दालनात गेली. परांची निम्मी काढली होती. सगळी भिंत रंगानं फुललेली, खाली पाणी, वर झाडांची गर्दी, आणि अगदी मधोमध एक फांदी कोरी. तो खाली बसून ब्रश गुंडाळत होता.

"जमली!" ती धापा टाकत म्हणाली. "जोडी जमली. जातही कळेल. आज दिवसभरात चित्र झालं तर..."

तो ताडकन उठला. त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला बघवेना. "तुझ्यामुळं," तो म्हणाला. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "किती मेहनत घेतलीस तू! मी सगळ्यांना सांगत होतो, ती जमवेल, जरा थांबा..."

गप्प बसली असती, तर कुणाला कधी कळलं नसतं. त्याचे हात गरम होते. आणखी थोडा वेळ तरी ते असेच राहावेत, असं तिला फार वाटलं.

"माझ्यामुळं नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळं तर अडलं होतं. जोडी कधीच जमली असती. मी रोज खाऊ घालत होते... मुद्दाम."

"म्हणजे?"

"उपाशी राहिले की जमतात. मी राहू दिले नाहीत. जमली की तू यायचा बंद झाला असतास."

त्यानं हात सोडले. गुंडाळलेले ब्रश पुन्हा उलगडले.

"चला," तो अखेर म्हणाला. "नमुना दाखवा तुमचा."

त्या तुम्हीनं तिच्या काळजात चर्र झालं.

दुपारपर्यंत तो मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला आणि कागदावर रेघा ओढत राहिला. एक शब्द बोलला नाही. तिनं बीजं मोजली, नक्षी पाहिली, जातीचं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं मान हलवली. दुपारी तो भिंतीशी गेला, तीही मागोमाग गेली, रंगाच्या वाट्या हातात देत राहिली. मोठ्या बाई येऊन भिंत बघून गेल्या, फोटोची गुंडाळी परत घेऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या दालनाबद्दल उद्या बोलू आपण." कोरी फांदी हळूहळू हिरवी झाली. कारावालीही डोकावली. तिला बघताच इतका वेळ गप्प असलेला तो म्हणाला, "या, बघा, रंग बरोबर आहे का?" आणि धागेवालीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. एवढं होऊनसुद्धा!

कारावाली गेल्यावर तिला राहवलं नाही. "तिच्याशी बोलतोस. हसतोससुद्धा."

"हो."

"माझ्याशी नाही."

"नाही." त्यानं ब्रश पुसला. "मला भयंकर राग आलाय. माझी भिंत गेली असती. लोक म्हणाले असते, याला जमत नाही. मी तुझ्या शेवाळाची काळजी करत बसलो होतो, झोप उडाली होती माझी... आणि तू त्याला जेवायला घालत होतीस!"

"मी चुकले," ती म्हणाली. "मोठ्या बाईंनाही मीच सांगणार आहे, उशीर तुझा नव्हता. पण मला तू आवडतोस. फार. तू तिकडे जाऊन बसायचास तेव्हा जीव नुसता जळायचा. आता तू आलास काय, न आलास काय... मला सांगायचं होतं ते सांगितलं."

त्यानं पुसलेला ब्रश पुन्हा पुसला.

"हा राग लवकर जाणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आठवडाभर तरी राहील. कदाचित जास्त. आणि मला घरी बसून एकट्याला रागवता येत नाही. मी रोज येईन आणि तुझ्या खोलीत बसून रागवेन. चालेल?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोळे भरून आले.

"रोज?" तिनं विचारलं. "आणि... कारावालीकडे?"

"तिच्याकडे कशाला जाऊ?" तो खेकसला. "तिच्यावर कुठं रागावलोय मी?"

धागेवालीनं त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर हिरव्या रंगाचा ओघळ होता. तिनं कोटाच्या बाहीनं तो पुसला. तो कपाळाला आठ्या घालून, पण मान जराही न हलवता उभा राहिला.

"महिनाभर रागव," ती म्हणाली.